पॉइंट तीन

सातपूरच्या शेडमध्ये, रात्रपाळीला,
लोखंड बाराशे अंशांवर येतं तेव्हा
त्याला लोखंड म्हणवत नाही.
भाकरीचं पीठ म्हणा, घट्ट मळलेलं.
हातोडा पडतो आणि ते वाट मिळेल तिकडे सरकतं,
वाट नसली की साच्याशी भांडतं.

ते भांडण किती, हे काढायचा मला पगार.
वर काचेच्या केबिनमध्ये, बिघडलेल्या एसीखाली,
मी पडद्यावर लोखंडाचे चाळीस हजार तुकडे करते
आणि एकेकाला विचारते, तू कुठं निघालास?

समीकरणात घर्षणाचं एकच अक्षर.
त्याच्या जागी घालायचा आकडा कड्यांमधून काढावा लागतो:
सहा, तीन, दोन या प्रमाणात कडी कातायची,
तापवायची, निम्म्या उंचीपर्यंत दाबायची
आणि भोकाकडे बघायचं.
वंगण चांगलं असेल तर भोक रुंदावतं.
कोरडं असेल तर मिटत जातं
पेंगुळल्या डोळ्यासारखं.
मधे कुठंतरी एक वर्तुळ असतं म्हणे,
त्याच्या आतलं आत सरकतं, बाहेरचं बाहेर,
ते स्वतः जागचं हलत नाही.
मला ते कधी दिसलेलं नाही. गणित सांगतं, आहे.

अकरा कड्या दाबून मी लिहिलं: पॉइंट तीन.
पडद्यावर साचा काठोकाठ भरला.
खाली दर दहावा जॉब
उजव्या वरच्या कोपऱ्यात उपाशी.

"पगार मॅडम," निवृत्ती बोडके ओरडला
(हातोड्यावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला
हळू बोलता येत नाही),
"तुमचं लोखंड शहाणं आहे हो. आमचं वांड.
आकडा ऱ्हाऊ द्या. लहानूचा खांदा बघा."

लहानू सदगीर साच्यावर ग्राफाइट फवारतो.
त्याआधी सोळा वर्षं पिंपळगावला
द्राक्षांवर मोरचूद फवारायचा, पाठीला पंप.
तेव्हा हात निळे. आता काळे.
उजवा हात कानाच्या वर जात नाही.

दोन ठोक्यांमध्ये चार सेकंद.
तेवढ्यात हात पोचेल तिथवर काळं,
पुढं बोटभर साचा कोरडा,
आणि त्या बोटभर जागेत
अख्खं लोखंड पाय रोवून उभं.

वर आले. साच्याचे दोन भाग केले.
एकात पॉइंट तीन, दुसऱ्यात पॉइंट पाच चार.
पडद्यावरचा कोपरा उपाशी राहिला,
हुबेहूब खालच्यासारखा.
एवढं बरोबर उत्तर माझं कधीच आलं नव्हतं
आणि मी फाइल सेव्ह न करता बसून राहिले,
कारण अहवालात 'कारण' नावाचा एक रकाना आहे,
आणि तिथं 'खांदा' लिहिलं की
दिवाळीच्या आत नळीवाला यंत्रहात येतो.

दुसऱ्या रात्री जेवणाच्या सुट्टीत
बोडकेनं भंगारातल्या अँगलचा चौरंग वेल्ड केला,
नऊ इंच उंच, एक पाय किंचित आखूड.
लहानू त्यावर चढला.
"सत्यनारायण बसला रे," कुणीतरी म्हणालं.
हसले सगळे, तोही,
मग भट्टीतून लाल तुकडा आला आणि हसणं थांबलं.

पहाटे चारपर्यंत एकशे बारा जॉब,
कोपरे भरलेले.
एक फक्त अर्धवट: तेव्हा लहानू पाणी प्यायला गेला होता,
आणि नळी हातात घेतलेल्या पोराला घाई होती.

मी अहवाल लिहिला.
कारण: फवारणीचा कोन. उपाय: कोन बदलला.
साहेबांनी सही केली, विचारलं,
"मॉडेलमध्ये बसतंय ना?"
बसतंय म्हटलं.

टेबलावर अकरावी कडी आहे, सगळ्यात कोरडी दाबलेली.
भोक मिटता मिटता थांबलेलं.
करंगळी जात नाही.
पेन्सिल जाते.